बशी

"तीन बोटं उभी घाला तोंडात," डॉक्टर म्हणाले.
माझी दीडच मावली.

स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये सगळे एकमेकांना 'डक' म्हणतात,
म्हणजे बदक. बस ड्रायव्हरही, कोर्टाचा शिपाईही.
एमआरआयवाली लिंडसेही म्हणाली:
डक, कानातलं काढ, केसातली पिन काढ.
दाढेत काही धातू?
आहे. आठवीत भरलेली चांदी, मिरजेत.
"असू दे. तिचं काही बिघडत नाही."

दोन्ही कानशिलांवर तिनं वाटीएवढी कॉइल बसवली.
आधी तोंड मिटून, मग उघडं ठेवून.
हलायचं नाही. गिळायचंही नाही.

गिळायचं नाही, हे अवघड.
अकरा वर्षं मी ट्रायब्युनलमध्ये दुभाषी आहे.
तिथे 'ती म्हणते' म्हणायची सोय नाही,
'मी' म्हणावं लागतं.
म्हणून मी शपथेवर म्हटलं आहे:
मला दिरानं कोंडलं.
मी चार रात्री लॉरीत होतो, टायरच्या ढिगाखाली.
माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे.
माझ्या मुलाला आता माझी भाषा येत नाही.
सकाळी दहा ते चार. मधे थंड सँडविच.

घरी श्रीरंग विचारतो, आज काय झालं?
मी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली.
मूग गिळून आमटीला फोडणी घालते.
रात्री झोपेत दात खाते.
सकाळी तो म्हणतो, कुणीतरी खडीसाखर फोडत होतं.

मशीन टकटकलं, घुमलं, मधेच गप्प झालं,
पुन्हा टकटकलं, भाडं थकल्यावर दार वाजावं तसं.
मग लिंडसेनं दातांत प्लास्टिकचा ठोकळा दिला.
चार मिनिटं.
तोंड उघडं, आणि आत कुणीच नाही.
ना अर्जदार, ना वकील.
लाळ ओठाच्या कोपऱ्यातून निघाली
आणि सावकाश कानाकडे गेली.
मी ती पुसली नाही.
बरं वाटलं, हे कुणाला सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांनी डॉ. हॉलिन्सनी चित्र दाखवलं.
करडं, धुकट, माझ्याच हाडाचं.
"ही डिस्क," ते म्हणाले,
आणि सवयीनं मनात भाषांतर झालं: बशी.
चहा निवू नये म्हणून कपावर झाकतो, तशी.
त्यांची आई इथल्याच कारखान्यात
बशांना सोनेरी कडा रंगवायची, त्यामुळे त्यांनाही ते पटलं.
उजवीकडे तोंड मिटलं की बशी पुढे घसरते,
उघडलं की कट् करून जागेवर येते.
डावीकडची उघडलं तरी येत नाही.

"म्हणजे बोलत राहिले तर बरं?"
ते हसले. तसं नाही. मऊ खा,
जांभई हातानं धरा, रात्री ही पट्टी लावा.
ऑपरेशनचं नंतर बघू.

गुरुवारी पुन्हा खुर्चीत.
समोरची बाई बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, मला आठवत नाही.
मी तोंड उघडलं.
कट्.
मायक्रोफोननं तो आवाज खोलीभर पसरवला.
न्यायाधीशांचं पेन थांबलं.
"मिसेस मोहरीर, साक्षीदार काय म्हणाल्या?"

नाही, मी म्हटलं.
ते रेकॉर्डवर घेऊ नका.
ते माझं होतं.