पेडवीची जागा

पिशवीवर पांढरं, गुबगुबीत, परदेशी मांजर
आणि खाली किंमत: पाचशे चाळीस.
दुकानदार म्हणाला, काकी, महिन्याला दोन तरी लागतील.
मी मनात बांगडे मोजले.
एवढे विकावेत, तेव्हा आमची पेडवी पंधरा दिवस हगणार.
पिशवी फळीवर परत ठेवली
त्या मांजराचं तोंड भिंतीकडे करून.

पेडवी होडीत जन्मली. होडी विकली
तेव्हा घेणाऱ्याने इंजिन घेतलं, जाळी घेतली, नांगर घेतला,
मांजर नको म्हणाला.
म्हणून आता ती, मी आणि आमचे हे,
वेंगुर्ल्यात दुसऱ्या मजल्यावर,
पांढऱ्या लाद्यांवर.

आधी वाळू आणली. दर्या काही पावती फाडत नाही.
पण ओली, सुकता सुकेना,
आणि तिसऱ्या रात्री ट्रेमधून एक कुर्ली निघाली,
तिरकी तिरकी कपाटाखाली गेली.
पेडवीने भांडण केलं नाही.
माझ्या उशीवर जाऊन तिने आपलं काम उरकलं.

मग मेस्त्रीकडचा भुसा, फणसाच्या लाकडाचा.
दोन दिवसांत लादीवर, चादरीवर, थेट देव्हाऱ्यापर्यंत
हळदीची पावलं,
जणू गौरच आली घरात.
मागोमाग तिचा वास.

मग गिरणीतलं तूस. खिडकीतून खारा वारा आला
आणि खालच्या तिरोडकरबाईंच्या ओल्या साड्यांवर
आमची मळणी झाली. त्या अजून बोलत नाहीत.
राख सगळ्यात बरी, माझी आये म्हणायची.
खरं असेल. गॅसला राख येत नाही.

मुलाने म्हापशाहून व्हिडिओ पाठवला:
एक मांजर कमोडवर बसलंय, साहेबासारखं.
कमोडवर घमेलं ठेवायचं म्हणे,
मग त्याला भोक, मग मोठं भोक, मग घमेलंच नाही.
भोक वाटीएवढं होईपर्यंत पेडवी आली.
ताटलीएवढं झालं तेव्हा आत पडली,
आणि ओल्या अंगाने घरभर धावताना
तिने माझ्याकडे जे बघितलं, ते मी कुणाला सांगणार नाही.

हे दारात उभे. म्हणाले,
"माका चार म्हयने लागले. तिका चार दिवस तरी दी."

खरंच लागले होते. गुडघ्यासाठी तो कमोड बसवला
आणि हे पहाटे काळोखात किनाऱ्यावर जायचे, लपून.
चाळीस वर्षं होडीच्या काठावर दोरी धरून,
खाली दर्या, वर चांदण्या.
चार भिंतींत कडी लावून यांना व्हायचंच नाही.

त्या रात्री मला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजाने.
खाटेखालचं सुंभाचं वेटोळं यांनी बाहेर काढलं होतं,
बापाच्या वेळचं. नायलॉन आलं तरी टाकलं नव्हतं,
विकतानाही दिलं नव्हतं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
हे पीळच सोडवत बसले होते,
पाट्यावर काथ्या कुटत, चुरा ट्रेमध्ये टाकत.

पेडवी आली. वास घेतला.
उकरलं, बसली, भिंतीकडे बघत राहिली,
माणसं बघतात तशी.
मग नीट झाकून ठेवलं.
"होडयेत ती ह्याच वेटोळ्यात जाय," हे म्हणाले,
"माझ्या ध्यानातच नाय इला."

आता काथ्याच्या कारखान्यातून सोडणांचा चुरा आणतो.
गोणीला चाळीस रुपये, दीड महिना जाते,
वापरलेला माडाच्या आळ्यापासून लांब, खड्ड्यात पुरतो.
तिरोडकरबाईंनी परवा विचारलं,
गोणी कसली ती? मी म्हटलं, झाडांची.

सुंभाचा हातभर तुकडा उरला होता.
तो कुठे गेला ते मला उशिरा कळलं.
संडासातल्या पाइपला बांधलाय, खलाशाच्या गाठीने.
सकाळी दार थोडं उघडं असतं.
उंबऱ्यावर पेडवी बसते.
आतून आवाज येतो,
"थंय बघ गो, हंय नको."