टेकला का?

यंदाही मिलेंकाने जिन्याखालची खोली ठेवली होती आमच्यासाठी.
छत उतरतं तिचं, म्हणून उंच माणसं घेत नाहीत.
औलिस दरवर्षी एकदा डोकं आपटून घेतो तिथे
आणि मग म्हणतो, पोचलो.

इसाल्मीहून रात्रीची गाडी, मग विमान, मग दुसरं विमान,
येसेनित्सेहून प्लानित्साची बस.
बसमध्ये आमच्या वयाचं कुणी नसतं.
गालांवर झेंडे रंगवलेली पोरं,
एकाच्या मांडीवर अकॉर्डियन,
दुसऱ्याच्या मांडीवर अकॉर्डियनवाल्याची बायको.
मधे आम्ही दोघं, थर्मास सांभाळत.

लोक वर्षं मोजतात मुलांच्या इयत्तांनी.
आमच्याकडे ती पट्टी नाही.
आमचं असं: ओस्लोला धुकं पडलं ते वर्ष,
दोन दिवस नुसते आवाज ऐकले, माणूस एकही दिसला नाही.
साप्पोरोचं वर्ष, तेव्हा होडी विकली.
झाकोपानेला भांडलो ते वर्ष,
परतताना वेगवेगळ्या डब्यांत बसलो
आणि सगळी सँडविचं त्याच्या पिशवीत राहिली.

डोंगराला टेकवून ठेवलेली पांढरी घसरण.
अगदी वर, एका दांड्यावर, बसलेला पोरगा.
बाजूच्या फळ्यांवर त्याचा गुरू, वाऱ्याकडे तोंड करून.
झेंडा खाली.
पोरगा सुटतो, गुडघ्यांत मान घालून,
आणि काठावरून निघतो,
निघतो म्हणजे, कुणाचं काही देणं नसल्यासारखा निघतो.
थोडा वेळ आमच्या समोरच्या हवेत
फक्त कापड फडफडल्याचा आवाज.

इथे मी डोळे मिटते.

पहिल्यांदा मिटले ते लाहतीला, लग्नाआधी.
तेव्हापासून एकोणतीस वर्षं
एकाचेही पाय बर्फाला लागताना मी पाहिलेले नाहीत.
"टेकला का?" मी विचारते.
"टेकला," औलिस म्हणतो.
एवढंच बोलणं. दिवसातून साठदा.
कधी तो शब्द लांबवतो, म्हणजे उडी लांबली.
कधी जिभेने टक् करतो, म्हणजे हात लागला, गुण गेले.
पडला, असं त्याने कधीच सांगितलं नाही.
पडत असतीलच की. मी काही दुधखुळी नाही.
सदतीस वर्षं टपालखात्यात काढली,
पाकीट हातात घेतलं की कळायचं, आत काय आहे ते.

रविवारी नॉर्वेचा एक पोरगा, असेल एकोणीसचा,
काठावरून निघाला तोच वाकडा.
एक स्की खाली गेली, पान उलटावं तशी.
मी डोळे मिटले.
"टेकला का?"
काही नाही.
"औलिस, टेकला का?"
गर्दीचाही आवाज नाही. कुठेतरी एक भोंगा
अर्ध्यात बंद पडला.

मी डोळे उघडले.
औलिसचे गच्च मिटलेले.
थर्मासचं झाकण हातात, कॉफी बुटांवर.

"कधीपासून?"
"ते इन्सब्रुकचं... नाही, त्याच्याही आधी."
"मग टेकला म्हणायचास कशावरून?"
"लोक ओरडतात ना, त्यावरून."

दोन हजार किलोमीटर, दोन तिकिटं, पेन्शनमधून,
आणि बघणारं कुणीच नाही!
मी हसायला लागले, तसं त्यालाही हसू आलं,
मग लाज वाटली, पोरगा तिथे बर्फात होता.
शेजारच्या रंगवलेल्या गालाच्या मुलीला खुणेने विचारलं.
तिला आमची भाषा येईना, आम्हाला तिची.
तिने तळहात आडवा धरला, घसरवला, उलटा केला,
उलटाच ठेवला जरा वेळ,
मग त्याच हाताची दोन बोटं माझ्या बाहीवर उभी केली
आणि चालवली.

रात्री मिलेंकाने श्त्रुक्ली वाढता वाढता विचारलं,
कोण जिंकलं?
औलिस माझ्याकडे बघतो, मी औलिसकडे.
"छान झालं," आम्ही म्हणालो, एकदमच.

दिवा घालवल्यावर तो पाणी प्यायला उठला.
अंधारात धप्प.
"टेकलं का?" मी पांघरुणातून.
बराच वेळ काही नाही.
मग, कपाळ चोळत असावा,
"टेकलं," लांबवून.