पोंग्यात चिमूटभर

रोग पेरायचा तर संध्याकाळी.
चारला फ्लास्क उघडतात,
उकडलेल्या ज्वारीवर चढलेली राखी बुरशी
आम्ही ताटात मोकळी करतो,
जशी उपासाची भगर निवडायला घ्यावी.
मग एकेक पोंगा, एकेक चिमूट.
वाकवलीच्या टेकाडावरून धुकं उतरतं,
पानाच्या बेचक्यात रात्रभर पाणी राहतं,
बाकीचं काम ते पाणी करतं.

मक्याचे साठ वाण. दोन-दोन ओळी, चार-चार मीटर.
दर पाच वाणांमागे एक ओळ अशी
जिचं कामच आजारी पडणं.
तिचं नाव कुठल्या पिशवीवर छापून येणार नाही,
पण ती करपली नाही तर हंगाम फुकट.
शेवंती शिगवण तिला ‘मानाची’ म्हणते.
"मानाचीला दोन चिमटी घालते हां."

कणसांना केस फुटले की वही घेऊन उतरायचं.
एक म्हणजे निर्मळ पान, नऊ म्हणजे संपलेलं.
डाग लांबट, दोन्ही टोकांना निमुळते,
आषाढात हर्णैच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांसारखे.
फक्त या होड्या नारळी पौर्णिमेसाठी थांबत नाहीत,
पहाटेच्या वाऱ्यावर निघतात
आणि शेजारच्या पानाला लागतात.

सात. आठ. सहा. सात.
मानाची: नऊ. बरं झालं.
सव्वीस, हैदराबादहून आलेला, कागदावर फार शूर: आठ.
एकतीस.
मी पान उलटं केलं, सुलटं केलं,
भिंग लावलं.
काही नाही.
‘एक’ लिहिलं, तेही पेनाने,
आणि रात्री खोलीवर
शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.
पाकिटावर होतं: स्थानिक. गाव करंजाणी.
चुलीवरच्या धुरात टांगलेलं कणीस.

रेवाळे सरांनी वही पाहिली, चष्मा काढला.
"वाचलं की चुकलं?
ही पश्चिमेची कड. वारा इथून सुरू होतो,
इथे काही आणत नाही.
झुंजलेल्या पानावर खूण असते गं,
रोग दारापर्यंत आल्याची टिकली तरी,
पिवळी, तिथेच थांबलेली.
इतकं कोरं पान काहीच सांगत नाही."

शेवंती बांधावर विळ्याची मूठ पुसत होती.
पुसून झाली तरी पुसत होती.
"त्या ओळीत मी टाकलंच नाय," ती म्हणाली.
"माज्या आत्याच्या परसातलं बी. मीच आणून दिलं तुमाला.
चिमूट घेतली, नि हातच गेला नाय.
म्हायेरचं बी, त्येच्या तोंडात मीच घालू?"

पेनाने लिहिलेला ‘एक’ पेनानेच खोडला.
शेजारी लिहिलं: रोग दिला गेला नाही.
कारणासाठी छापील तक्त्यात रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी एकतीस मधोमध पेरलं,
दोन्ही अंगांना मानाची.
चार वाजता शेवंतीने ताट माझ्या हातून ओढून घेतलं,
दुसऱ्या कुणाला ओळीत येऊ दिलं नाही.
तान्ह्याला गुटी पाजताना ओठ उकलावेत
तसा तिने पोंगा उकलला.
एक चिमूट. थांबली. अजून एक.
पदराला हात पुसला. पुढचं रोप.

भादव्यात मी पान उजेडाला धरलं.
डाग होते.
बरेच आखूड, कडेला पिवळे, शिरेपाशी अडलेले.
दोन मात्र पुरत्या होड्या,
शिडासकट.
मी तीन लिहिणार होते.
ती खांद्यावरून वाकली,
कणसाखालचं एक पान वर केलं
जे माझ्या नजरेतून सुटलं होतं,
अंगठ्याने त्यावरचं पाणी निपटलं,
बराच वेळ बघितलं.

"चार लिवा," म्हणाली.