आयत

शनिवारी तीनच्या ठोक्याला येतात पेरनू,
निवृत्त नोटरी, टोपीवरचा बर्फ दारातच झटकून.
खिशातून निघते हातरुमालाची घडी,
घडीत घड्याळ.
नेहमी आयताकृतीच.

गोल घड्याळ म्हणजे ताटली, म्हणतात,
ही खिडकी आहे.
आणि लगेच खजील होतात.
जन्मभर खरेदीखतं लिहिलेला माणूस,
उपमांची सवय नाही.

आमचं ला शो-द-फोंही असंच,
जुन्या आगीनंतर पट्टीनं आखलेलं,
गल्ल्या सरळ, कोपरे काटकोनात,
म्हणजे प्रत्येक कारागिराच्या टेबलावर
उजेडाचा एक तुकडा पडावा.
पेरनू त्याच गल्ल्यांत वाढले.
कदाचित तेवढंच कारण असेल.

बावीस आहेत त्यांच्याकडे.
एक सोन्याचं, मनगटावर कौलासारखं वाकलेलं.
एकाला रोमन आकडे, चारच्या जागी चार काड्या.
एक इतकं पातळ की बाहीखाली गेलं
की तेही विसरतात, बाहीही विसरते.
सेकंदकाटा नाही, तारीख नाही.
दुसऱ्याच्या घरी जेवताना किती वाजले हे बघणं बरं नव्हे,
पण याची उभी कड कफाखालून डोकावते
आणि अर्ध्या तबकडीवरूनही कळतं
निघायला हवं.

मी सांगते, दुरुस्त करणारीला विचारा.
काच तयार मिळत नाही, हातानं घासावी लागते.
पाणी शिरतं ते कोपऱ्यातूनच.
मिनिटकाटा तीनला आकड्याला टेकतो,
बाराला कमी पडतो,
आणि एकच्या कोपऱ्याला तर लांबूनच हात करतो.

ते म्हणतात, त्यासाठीच तर.
शिवाय पडलं तर घरंगळत नाही.
नशातेलच्या नाटकगृहात पडलं होतं एक,
दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीखाली,
तोंड वर करून.

आजचं ब्येनच्या लिलावातलं.
पोलादी, लांबोडकं, युद्धाआधीचं.
आतलं यंत्रही आयताकृतीच, म्हणाले, पैज लावतो.
या छंदाची सगळी गंमत तिथेच असते,
बाहेर एक आणि आत भलतंच, हे खपत नाही.

पाठ उघडली.
आत गोल.
शर्टाच्या बटणाएवढं, कुणा बाईच्या लॉकेटमधलं,
भोवती पितळेच्या चार पाचरी.
आयत्या बिळात नागोबा.

भिंग खाली नेलं.
एका पाचरीवर खरवडलेलं साल, एक्कावन्न,
आणि शेजारी आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर,
शेपटीला तोच हिसका
जो माझ्या प्रगतिपुस्तकावर असायचा.

कुणीतरी आलं असणार मेलेलं घड्याळ घेऊन,
सोमवारी लग्न, किंवा मुलाखत.
सुटे भाग नसणार.
बाबांनी कानस घेतली असणार.
चौथी पाचर केसभर पातळ झालेली,
तिच्याखाली सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची घडी.
पन्नाससालीच सोडली,
असं आईला सांगितलं होतं त्यांनी.

काय निघालं? पेरनू उभेच.
गोल, मी म्हणाले.
ते स्टुलावर बसले.
हातरुमाल घातला, उलगडला, पुन्हा घातला.
किती मोजले लिलावात ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

चालतंय?
चावी दिली, कानाशी धरलं.
दिवसाला चार मिनिटं पुढे.

याचं मूळ यंत्र कुठे मिळेल?
तुम्हाला मिळेल, तुम्हाला सगळं मिळतं.

माझ्या तिसऱ्या खणात, बटरपेपरमध्ये,
अगदी तेच, आयताकृती,
तेल घालून तयार, वर्षभर गिऱ्हाईकाची वाट बघत.

नाही मिळत आता, मी म्हणाले.

त्यांनी पट्टा बांधला. बाही ओढली.
दारात थांबून बाही मागे घेतली,
पुन्हा ओढली.

बर्फात त्यांची टोपी दिसेनाशी झाल्यावर
तिसरा खण, जो कधीच नीट बसत नाही,
मी गुडघ्यानं ढकलून बंद केला.