मात्ते

पहिला दीड महिना आम्हाला फक्त पडायला शिकवलं.
मागं पडा, कुशीवर पडा, खांद्यावरून गोल फिरून पडा,
आणि पडताना तळहात गादीवर असा मारा
की तुमच्या आधी तुमचा आवाज जमिनीला लागला पाहिजे.
आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली,
'पडायला सरकारी हॉस्टेल कशाला गं?
इथं उतारावर रोज फुकटात पडूलालोय की.'

जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव.
शाळेच्या मैदानात निवड झाली तेव्हा
तीस मीटर पळाले, जड चेंडू डोक्यावरून फेकला,
उंची भिंतीला टेकवून, वजन रेशनच्या काट्यावर :
एकतीस किलो दोनशे.
साहेबांनी कानडीत काहीतरी लिहिलं,
गुरुजींनी मराठीत वाचलं, 'बेळगाव. ज्युडो.'
आम्हाला वाटलं, ज्युडो हे तिथल्या गल्लीचं नाव.

खोलीत शेजारच्या कॉटवर कस्तुरव्वा तळवार, सौंदत्तीकडची.
तिला मराठी नव्हतं, मला कानडी पाढ्यांपुरतं.
रात्री ती रडली की मी 'काय झालं',
मी रडले की ती 'एन आतु'.
उत्तर दोघींचं एकच होतं,
ते दोघींनीही दिलं नाही.

बाहेर पाट्यांवरून भांडणं पेटायची,
एखाद्या दिवशी बसा बंद,
वॉर्डनबाई फाटकाला दुहेरी कुलूप लावायच्या.
आत गादीवर मात्र कुणाचीच भाषा नव्हती.
'हाजिमे' म्हणजे सुरू. 'मात्ते' म्हणजे थांबा.
जपान कुठं आहे हे आम्हा दोघींना
सारखंच ठाऊक नव्हतं.

पण कस्तुरव्वा थांबायचीच नाही.
हुलमनी सर 'मात्ते!' ओरडायचे
आणि ती दुप्पट जोरानं माझी गचांडी धरायची.
तिसऱ्या दिवशी उलगडलं :
तिच्या घरी मत्ते म्हणजे पुन्हा.
आणखी एकदा.
सर हसत हसत गादीवर बसले, तिला समजावलं,
पण मला वाटतं तिला ते पुरतं कधी पटलं नाही,
म्हणून तर ती पुढं गेली.

अंड्यांचंही सांगायला पाहिजे.
माणशी दोन, असं भिंतीवरच्या तक्त्यात होतं.
ठेका बदलला त्या वर्षी दिवाळीपर्यंत नुसता तक्ता.
सर कंत्राटी, त्यांचा पगारही अंड्यांबरोबर अडकलेला.
तरी शनिवारी मोटारसायकलला पोतं बांधून
घरच्या शेंगा आणायचे, मातीसकट,
आणि दम द्यायचे :
गादीवर टरफल दिसलं तर शंभर उठाबशा.

दुसऱ्या वर्षी माझं वजन वाढलं, खेळ वाढला नाही.
यादी लागली. कस्तुरव्वा धारवाडला, मोठ्या केंद्रात.
माझ्या नावापुढचा शेरा सरांनी
खिडकीबाहेर बघत मराठीत सांगितला, 'परत.'

पेटीची एक कडी तिनं धरली, एक मी.
पेटीवर माझं नाव दोन लिप्यांत,
त्यातलं एक तिच्या हातचं,
त्यात काय चुकलंय ते मला अजून वाचता येत नाही.
बस हलली तशी खालून म्हणाली, 'मत्ते बा.'
पुन्हा ये.
मला थांबसुद्धा ऐकू आलं.

आता काजूच्या कारखान्यात सोलायला जाते.
परवा सकाळी शेणाची पाटी घेऊन निघाले,
तांबड्या निसरड्यावर पाय गेला,
पाटी एकीकडं, मी एकीकडं,
आणि हात माझ्या आधी जमिनीवर, फाट्!
फणसावरचे कावळे उडाले.

आई धावत आली. काही लागलेलं नव्हतं.
ती माझ्याकडं बघत राहिली बराच वेळ,
मग हाक मारून शेजारच्या तीन पोरी गोळा केल्या,
खळ्यावर गुडघाभर पिंजर पसरलं
आणि पदर खोचून उभी राहिली.
'परत पड बघू,' म्हणाली.
'परत.'