तिसरं पान

साधा डिंक नको, म्हणाला रावपुऱ्यातला कागदवाला,
त्यानं कागदाला लाटा येतात.
लाटा म्हटल्यावर मी जरा थांबले.
ऑगस्टात विश्वामित्री आमच्या घरात
अडीच दिवस मुक्कामाला होती.
कपाटाचे खालचे दोन कप्पे तिनं वाचून काढले.
तो म्हणाला, अकोट्याला माझं गोदाम,
तिथंही आली होती.
म्हणून तर बेन, आ जाडो कागळ अडधा भावे.
वहीच्या खालच्या कडेला, सगळ्या पानांतून,
चहा सांडून सुकावा तशी एक पिवळी रेघ.
मी तीच घेतली.
पैसे परत देताना म्हणाला,
पहेलुं पानुं कोरुं राखजो.
का ते सांगितलं नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं होतं.

एकतीस वर्षं मी महापालिकेत व्हाउचरं चिकटवली.
टाचणी काढायची, कड सरळ करायची,
लाल शाईत क्रमांक, खाली साहेबांची आडवी सही.
चिकटवणं आपल्याला येतं, असं वाटत होतं.
मग दुपारी वही उघडून बसले,
आणि हात गेला तो थेट उजव्या कोपऱ्यात:
अ. क्र. १.
पातं घेऊन खरवडून काढलं.
अजून दिसतं, उजेडात तिरकं धरलं तर.
तेव्हा पहिलं पान कोरं राहिलं नाही,
दुसरं खरवडताना फाटलं.

तिसऱ्यावर काय लावायचं?
समोर कमाटीबागेतल्या छोट्या गाडीची दोन तिकिटं,
लीलो चिवड्याच्या पुडीवरचा हिरवा पोपट,
उत्तरायणाला गच्चीत येऊन पडलेल्या
कोणाच्या तरी पतंगाचा जांभळा तुकडा,
आणि ती वीट.
वीटच म्हणायची. आमच्या लग्नांचे, बारशांचे
एकशेवीस फोटो
एकमेकांना धरून सुकलेले.
नदीनं आधीच वही करून ठेवली होती,
फक्त तिला पानं उलटता येत नव्हती.

वरच्या मजल्यावरची ध्रुवी, वय पंधरा,
नागमोडी कात्री घेऊन खाली आली.
काकू, ओढू नका, म्हणाली.
परत पाण्यात घाला.
मी तिच्याकडे बघतच राहिले.
पाण्यातनं काढलेलं पुन्हा पाण्यात?
हो, पण स्वच्छ. आणि गार. आणि घाई नको.

परातीत वीट ठेवली. आम्ही दोघी बाजूला,
पापड भाजायला बसावं तशा.
तासाभरानं एक कोपरा सुटला.
मग एक बाही, मग मांडवातली केळ,
मग कोणीतरी जिलबीचं ताट घेऊन
कोणाकडे तरी निघालेलं.
काहींचा रंग परातीतच राहिला.
गुलाबी पाणी मी मोरीत ओतलं नाही लगेच.
कुंडीत घातलं. का, विचारू नका.

कुमुदवन्सं निघाल्या शेवटी, अंतरपाटाच्या अलीकडे,
मुंडावळ्या शाबूत, शालूचा काठ शाबूत,
हातात हार,
आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग,
पेढ्याएवढा.
फोन केला नवसारीला. सांगावं कसं, कळेना.
त्या हसल्या. म्हणाल्या,
बरं झालं गं. त्या फोटोत माझे डोळे मिटलेले होते,
चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय मी ते.

तिकिटं बाजूला ठेवली. पोपटही.
फोटो पानाच्या मधोमध, रेघेच्या जरासा वर.
ध्रुवी म्हणाली, डागावर काहीतरी लावा,
फूल, नाहीतर चमकी.
पतंगाचा जांभळा तुकडा धरून बघितला.
नको.
फोटोच्या पाठीमागं चार कोपऱ्यांना चार ठिपके दिले,
पाव मिनिट तळवा दाबून धरला.
खाली काळ्या शाईत लिहिलं:
कुमुदवन्सं. डोळे मिटून.
आणि सवयीनं पेन
पुढे सरकलं, रकमेच्या रकान्याकडे.
तिथं रकाना नव्हता.