बाद नमुना

हिरड्याच्या फांदीला पारदर्शक पिशवी चढवली,
तोंड सुतळीनं आवळलं, पंप सुरू केला.
"झाडाला ऑक्सिजन लावलाय व्हय?"
इठू ढेबे विचारतो.
उलटं रे. त्याचंच थोडं काढून घेतोय.

मार्च. दुपारचे दोन. मेटगुताडच्या मागचं रान.
ऊन चढेल तशी पानं
काहीबाही सोडत राहतात,
डोळ्यांना न दिसणारं,
बोटभर स्टीलच्या नळीत मावणारं.
का सोडतात, मला पुरतं ठाऊक नाही:
होरपळू नये म्हणून, किडीला धाक म्हणून,
की नुसतंच,
इठू चढावर पुटपुटतो तसं.

समोर कोयनेच्या खोऱ्यावर
निळसर धूसर काहीतरी.
"धुकं न्हाई त्ये. धूर बी न्हाई.
रान घामेजलंय."
माझ्या प्रबंधात या वाक्याला
अकरा पानं लागलीत.

पंधरा दिवसांनी पुण्याहून आलेख आला.
सपाट रेषेवर, आठव्या मिनिटानंतर, एकच सुळका:
लिंबाच्या जातीचा, भलताच उंच.
हिरड्याचं हे काम नव्हे.
वही काढली. नोंद होतीच, माझ्याच अक्षरात,
घामानं फुटलेली शाई:
२.२०, इठूनं संत्रं सोललं.
खाली, कंसात: अर्धं मला.

नमुना बाद. तक्त्यात आडवी रेघ.
कागद मात्र फाडवला नाही.
पुढच्या खेपेला नेणार आहे घडी करून,
सुळक्यावर बोट ठेवून सांगेन,
हे बघ, तुझं संत्रं.
अख्ख्या रानापेक्षा उंच गेलं होतं.